हुमणी कोणी धाडली?



गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्यातले एक शेतकरी बंधू श्रीखंडाचा डबा हातात घेऊन सॅक्रिस्टीच्या दाराशी उभे होते. मला वाटले, घरचे काही गोडधोड आणले असेल. त्यांनी झाकण उघडले. आत ओल्या मातीवर हुमणीच्या सात-आठ अळ्या मरून पडल्या होत्या. हुमणी आपल्या मावळात कोणाला नवी नाही. पांढरट, गुबगुबीत, तपकिरी डोक्याची, पोटाकडे मुडपलेली. या अळ्या मात्र विटेसारख्या तांबूस झाल्या होत्या आणि त्यांना कुजल्याचा वास नव्हता.

“फादर, औषध लागू पडलं,” ते म्हणाले. “इष न्हाई, काय न्हाई. उसात जंत सोडले. डोळ्याला दिसत न्हाईत एवढे बारीक. देवानंच धाडलं बघा.”

त्यांची मुलगी सातवीत आहे. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला येते. वडिलांच्या मागून डब्यात डोकावत ती म्हणाली, “मग हुमणी कोणी धाडली?”

वडील हसले. मीही हसलो आणि “पुढच्या रविवारी बोलू” असे म्हणून वेळ मारून नेली. त्यानंतर दोन रविवार गेले. तिने पुन्हा विचारले नाही. मोठ्यांना उत्तर येत नसले की मुलांना ते बरोबर कळते आणि ती गप्प बसतात. सप्टेंबरपासून संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत ख्रिस्तसभा सृष्टीसाठी प्रार्थना करते, तेव्हा या आठवड्याची पाने मी त्या प्रश्नाला देतो. उत्तर पुरे नाही, हे आधीच सांगतो.

प्रथम हे जंत म्हणजे काय ते पाहू. शास्त्रीय मराठीत त्यांना सूत्रकृमी म्हणतात. शाळेत मुलांना ज्याच्यासाठी गोळी देतात तो पोटातला गोल जंतही याच मोठ्या कुळातला. पण हुमणीवर सोडलेला सूत्रकृमी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा असतो. त्याचे नाव हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. कोइमतूरला मिळालेल्या नमुन्यांवरून १९९२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, म्हणून ‘इंडिका’. मातीत असताना तो काही खात नाही. अंगातल्या चरबीवर जगत, मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकत तो अळीची वाट पाहतो. अळी भेटली की तिच्या तोंडावाटे, गुदद्वारावाटे, श्वसनाच्या छिद्रांतून, नाहीतर एका बारीक दाताने कातडीची मऊ घडी फाडून तो आत शिरतो. त्याच्या आतड्यात फोटोऱ्हॅब्डस नावाचे जिवाणू असतात. ते तो अळीच्या रक्तात सोडतो. एक-दोन दिवसांत अळी मरते. मग जिवाणू तिचा देह आतून पातळ करतात, आणि ते खाऊन सूत्रकृमी वाढतो, त्याला पिल्ले होतात, पिल्लांना पिल्ले होतात. हेच जिवाणू असे द्रव्यही तयार करतात की इतर जंतूंना तिथे थारा मिळत नाही. म्हणून मेलेली अळी कुजत नाही, नुसती तांबडी पडते. साधारण दोन आठवड्यांनी तिच्या रिकाम्या कातडीतून नवे सूत्रकृमी बाहेर पडतात, एकेका अळीतून लाख-लाखभरसुद्धा, आणि पुन्हा मातीत वाट पाहू लागतात.

हुमणीही अगदी उघडी पडलेली नाही. तिच्या श्वसनाच्या छिद्रांवर चाळणीसारखी झाकणे असतात. त्यांतून सूत्रकृमीला सहज शिरता येत नाही. अंगाशी आलेले कृमी ती पायांनी झटकूनही टाकते. एकाला दात दिला, दुसरीला चाळणी. देणारा एकच. मुलीचा प्रश्न नेमका इथे आहे.

आपल्या बंधूंचे म्हणणे असे, की जंत माझ्या उपयोगी पडले म्हणून ते देवाने धाडले. हे म्हणणे भक्तिभावाचे आहे आणि त्याची थट्टा करायला मी धजणार नाही. उसाच्या मुळ्या कुरतडल्या जाऊन बेटच्या बेट हातात उपटून येते तेव्हा काय वाटते, ते ज्याचे शेत आहे त्याला ठाऊक. पण आपल्याच धर्मग्रामात आंबीच्या बाजूला फुलांच्या पॉलीहाउसमध्ये कामाला जाणाऱ्या भगिनी आहेत. त्यांना ‘सूत्रकृमी’ हा शब्द उच्चारून पाहा. जरबेराच्या मुळांवर गाठी आणणारा, झाड खुरटवणारा आणि पिकाचा पैसा पाण्यात घालणारा तोही सूत्रकृमीच, जात निराळी. मग तो कोणी धाडला? ऊसवाल्याचा देव आणि फूलवाल्याचा देव वेगळा नाही. आपल्या नफ्यावरून देवाची सही ओळखायला गेलो, तर ज्या वर्षी तोटा होतो त्या वर्षी देव कुठे होता, याचेही उत्तर द्यावे लागेल.

दुसरे उत्तर आपल्यापैकी पुष्कळजण देतील, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात ते मीही ऐकले आहे. आदामाने पाप केले, म्हणून सृष्टी बिघडली. त्याआधी वाघ गवत खात होता. हे ऐकायला सरळ वाटते. पण ख्रिस्तसभेच्या थोर आचार्यांपैकी संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच हे नाकारले आहे. जे प्राणी आज इतरांना मारून खातात ते पापापूर्वी शाकाहारी होते, असे मानणे त्यांना सर्वस्वी अवाजवी वाटले. माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही, असे ते म्हणतात. आपल्या काळात त्याला मातीतून पुरावा मिळाला. माणूस पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीही एक जीव दुसऱ्याला खात होता. हुमणीच्या मरणाचा दोष आपल्या आद्य मातापित्यांवर ढकलता येत नाही.

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवताना संत ऑगस्टिन यांचा विचार पाठच करून घेतला होता: वाईट म्हणजे स्वतंत्र वस्तू नव्हे, जे चांगले असायला हवे त्याचा अभाव. आंधळेपण म्हणजे दृष्टीचा अभाव. परीक्षेत मी ते छान लिहिले होते. आता डब्यातल्या तांबड्या अळ्यांकडे पाहताना ते आठवले आणि मी अडखळलो. सूत्रकृमीत कसला अभाव आहे? तो जसा असायला हवा तसा आहे. दात जागच्या जागी, जिवाणू जागच्या जागी. त्याचे चांगले होणे हेच हुमणीचे वाईट होणे आहे. संत थॉमस यांनी हेही पाहिले होते. इतर प्राणी मारले जात नसते तर सिंह जगला नसता, आणि सगळे वाईट काढून टाकले तर जगातले पुष्कळ चांगलेही त्याबरोबर जाईल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. सिंहाच्या बाजूने तो पटतो. मारल्या जाणाऱ्या प्राण्याला तो कसा सांगायचा, हे थॉमस यांनी लिहिलेले नाही.

चार्ल्स डार्विन यांचेही पाऊल इथेच अडले. तरुणपणी केंब्रिजला त्यांना पाठवले होते ते अँग्लिकन धर्मगुरू होण्यासाठी. १८६० साली एसा ग्रे या आपल्या श्रद्धावंत वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अळीच्या जिवंत देहात वाढणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीतल्या कीटकांचा दाखला दिला. दयाळू, सर्वसमर्थ देवाने हे ठरवून निर्माण केले असेल, असे मानायला मन तयार होत नाही, असे त्यांनी कळवले. काही प्रवचनकार डार्विन यांना नास्तिकांचा पुढारी म्हणून मोकळे होतात. मला ते पत्र एका दुखावलेल्या माणसाचे वाटते. सातवीतल्या मुलीचा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एकच आहे.

अळीला दुखते का, असेही कोणी विचारील. देकार्त यांनी प्राण्यांना यंत्रे ठरवून हा प्रश्न निकालात काढला होता. आज शास्त्रज्ञ इतक्या सहजपणे तसे म्हणत नाहीत. डिवचली की हुमणी अंग आवळून घेते, हे तर आपण पाहतो. तेवढ्यावरून माझ्यापुरते मी ठरवले आहे, की तिला काहीच होत नाही असे धरून चालायचे नाही.

आता मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याशिवाय मी या प्रश्नापासून का पळत होतो ते कळणार नाही.

मी नवा धर्मगुरू असताना, माझ्या पहिल्या धर्मग्रामात, चार वर्षांचा एक मुलगा मलेरियाने गेला. ताप मेंदूत गेला होता. मलेरिया म्हणजे काय? डासाच्या सोंडेतून येणारा एक परजीवी. तोही आपल्या रक्तात शिरतो, वाढतो, फुटून बाहेर पडतो. डब्यातल्या अळीत झाले तसेच काहीसे. अंत्यविधीच्या प्रवचनात मी म्हणालो, की देवाला आपल्या बागेत एक फूल हवे होते, म्हणून त्याने हे खुडले. असे बोलायची रीत आहे. मीही ते कोणाकडून तरी ऐकलेले होते. लोकांनी डोळे पुसले. मुलाच्या आईने पुसले नाहीत. तिने माझ्याकडे वर पाहिले. मला शब्दात सांगता येणार नाही असे ते पाहणे होते. नंतर कितीतरी दिवस ती मिस्साला आली नाही. आली तेव्हा मागच्या बाकावर बसू लागली. मी तिच्या दुःखात देवाला आणले खरे, पण कोणत्या वेषात आणले? तिच्या पोराचा चोर म्हणून.

तेव्हापासून ‘देवाने धाडले’ हे शब्द माझ्या तोंडून सहज येत नाहीत. आणि इतक्या वर्षांनी श्रीखंडाच्या डब्याशी उभ्या असलेल्या त्या मुलीने तेच शब्द माझ्यापुढे धरले.

माझ्या मते सगळी गफलत ‘धाडणे’ या क्रियापदात आहे. निर्माण करणे वेगळे आणि धाडणे वेगळे. कॅथलिक तत्त्वज्ञान सांगते, की परमेश्वर सृष्टीतल्या वस्तूंना बाहुल्यांसारखा दोरीने हलवत नाही. तो त्यांना अस्तित्व देतो, त्यांचा स्वतःचा स्वभाव देतो आणि त्या स्वभावाप्रमाणे त्यांना खरोखर काम करू देतो. पाणी भिजवते, अग्नी जाळतो, सूत्रकृमी अळी शोधतो. या सर्वांना तो क्षणोक्षणी धरून आहे, पण अमक्याच्या शेतातल्या तमक्या अळीवर त्याने शिपाई रवाना केला, असा याचा अर्थ होत नाही. कॅटेकिझममध्ये म्हटले आहे, की जग पूर्णतेला पोहोचलेले नाही, ते वाटेवर आहे, आणि ते पोहोचेपर्यंत घडण्याबरोबर मोडणेही राहील. मलेरियाचा परजीवी देवाच्या सृष्टीत आहे. पण त्या चार वर्षांच्या मुलाकडे देवाने तो धाडला नव्हता. हे मला त्या आईला तेव्हा सांगता आले असते. निदान गप्प राहता आले असते.

कोणी म्हणेल, फादर, पवित्र शास्त्रातच किडा धाडल्याचा दाखला आहे. आहे. योनाचे पुस्तक. योना निनवे शहराबाहेर रुसून बसतो. देव त्याच्यावर सावलीसाठी वेल वाढवतो आणि दुसऱ्या पहाटे एक किडा नेमतो. वेल वाळते, योनाचे डोके उन्हाने तापते, तो मरण मागतो. इथे ‘नेमतो’ असेच आहे, आणि मी ते झाकून ठेवणार नाही. पण ती गोष्ट कुठे जाऊन थांबते ते पाहा. देव योनाला विचारतो, की तुला एका वेलीचा कळवळा येतो, मग त्या शहरातल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांचा मला येऊ नये का? आणि शेवटी, जाता जाता म्हणावे तसे, तिथल्या गुराढोरांचाही उल्लेख करतो. किड्याची ती गोष्ट शिक्षेवर संपत नाही. देवाचा कळवळा केवढा, या प्रश्नावर ती संपते, आणि योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही.

ईयोबाच्या पुस्तकातही तेच. आपल्या दुःखाचे कारण मागणाऱ्या ईयोबाला देव कारण देत नाही. तो त्याला रानात फिरवून आणतो म्हणा ना. भुकेली सिंहाची पिल्ले दाखवतो, कावळ्याची पिल्ले दाखवतो, रक्त पिणारी गरुडाची पिल्लेही दाखवतो. आपल्या नाताळच्या कार्डांवर मेंढरे आणि कबुतरे असतात. शास्त्रातला देव त्या रक्ताकडे पाठ फिरवत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात कीटक आणि कृमी यांचीही आठवण ठेवली आणि प्रत्येक जात आपल्या असण्यानेच देवाचा गौरव करते असे लिहिले. हुमणी त्यात आली. सूत्रकृमीही आला.

या कृमीची आणखी एक तऱ्हा सांगतो. ती वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. अळीच्या देहातले अन्न सरत आले, की सूत्रकृमीच्या आईच्या पोटातली अंडी बाहेर पडत नाहीत. आतच फुटतात, आणि पिल्ले आईलाच खाऊन वाढतात. मध्ययुगात ख्रिस्ती लोकांची समजूत होती, की पेलिकन पक्षीण चोचीने आपली छाती फोडून पिल्लांना रक्त पाजते. संत थॉमस यांनी पवित्र साक्रामेंतावरच्या आपल्या स्तोत्रात ख्रिस्ताला त्या पक्ष्याची उपमा दिली, आणि कितीतरी जुन्या वेदींवर तो पक्षी कोरलेला आहे. खरा पेलिकन असे काही करत नाही. हा कृमी करतो. हे प्रवचनात वापरायचा मला मोह झाला होता. मग विचार केला आणि सोडून दिला. ती आई देत नाही, ती खाल्ली जाते. तिला ‘नको’ म्हणता येत नाही, म्हणून तिच्या ‘हो’लाही अर्थ नाही. वेदीवर जे आहे ते यापेक्षा निराळे आहे. ज्याला नाही म्हणता आले असते त्याने घ्या आणि खा म्हटले, असे आपण मानतो. आणि क्रुसावर त्याने ज्या स्तोत्राची सुरुवात उच्चारली, त्यात थोड्याच ओळींनंतर बोलणारा स्वतःला माणूस नव्हे, किडा म्हणवतो. देवाने खाणाऱ्या-खाल्ल्या जाणाऱ्यांच्या या जगाचे स्पष्टीकरण दिले नाही. तो त्यात उतरला आणि खाल्ल्या जाणाऱ्यांच्या बाजूला उभा राहिला. मला एवढेच दिसते.

मग रानात ते जंत धाडले कोणी? आपल्या बंधूंनी धाडले. आणि त्यांनी योग्य केले, असे माझे मत आहे. पूर्वी हुमणीसाठी फोरेटच्या गोळ्या टाकत. त्या विषाने गांडुळे मरत, ती खाणारी पाखरे मरत, आणि टाकणाऱ्याच्या हातालाही धोका असे. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आली. हे सूत्रकृमी माणसाला, गुरांना, गांडुळांना बाधत नाहीत. मेणअळीवर प्रयोगशाळेत ते वाढवतात, म्हणजे तिथेही हजारो अळ्या मरतात. एकरी शंभर कोटींच्या घरात सोडतात. ऊन त्यांना सोसत नाही, म्हणून ओल्या जमिनीत दिवस कलल्यावर द्यायचे. जून महिन्यात पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर जमणारे भुंगेरे वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकले, तर अंडी मुळातच कमी पडतात, तोही मार्ग आहे. कोणताही घेतला तरी मारणे आहेच. गरज नसताना प्राण्यांना त्रास देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे कॅटेकिझम सांगते. इथे गरज आहे, घर त्या उसावर चालते. पण निवड आपण केली. कृमीला निवड नव्हती. आपल्या निवडीवर देवाच्या नावाचा शिक्का मारला, की तिच्याकडे पुन्हा पाहायची गरज वाटेनाशी होते. आधी अळीबाबत, मग कोणाकोणाबाबत. घरात कमावता न येणाऱ्या म्हाताऱ्याला ‘बांडगूळ’ म्हटलेले मी या धर्मग्रामात ऐकले आहे. रानातला नियम उंबरठ्याच्या आत यायला वेळ लागत नाही.

परवा शुक्रवारी मी मुलीच्या वडिलांना ताज्या मेलेल्या दोन अळ्या आणायला सांगितले होते. फोटोऱ्हॅब्डस जिवाणू अंधारात मंद प्रकाशतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६२ साली शायलोच्या रणभूमीवर काही जखमींच्या जखमा रात्री चमकत होत्या, त्याला सैनिक देवदूताचा उजेड म्हणत, अशी एक गोष्ट सांगतात. २००१ साली शाळेतल्या दोन अमेरिकन मुलांनी तो उजेड याच जिवाणूंचा असावा, असे सुचवले.

सॅक्रिस्टीची खिडकी बंद केली, दाराच्या फटीला ऑल्टरबॉयचा झगा लावला आणि आम्ही तिघे डब्याभोवती बसलो. अशा उजेडासाठी डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते. पाच मिनिटे झाली, दहा झाली. त्या अंधारात मी तिला वर लिहिले त्यातले थोडेफार सांगितले. हुमणी देवाने केली, जंतही देवाने केले, धाडले मात्र तुझ्या बाबांनी, असे म्हणालो. ती काही बोलली नाही. वडील खाकरले.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “दिसला फादर. निळसर आहे.”

वडिलांनाही दिसला म्हणे. मी चष्मा पुसून पुन्हा वाकून पाहिले. डबा नेमका कुठे आहे तेच मला कळत नव्हते.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू